युनूसभाई आणि दोन पोटांची गाडी

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली. वेलांटी कुठे पहिली आणि कुठे दुसरी याचा माझा गोंधळ कायमचा आहे, आणि अक्षर म्हणाल तर ओल्या फरशीवरून कोंबडी चालत गेल्यासारखं. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी उद्या कोणाच्या हाती पडलीच, तर त्याने माझ्या अक्षराला खुशाल हसावं. पण मी ज्या माणसाबद्दल लिहिते आहे, त्याला नीट समजून घ्यावं. त्याला समजून न घेतल्याने काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यात माझाही हात होता. खरोखरचा हात.

युनूसभाई गाडी अनवाणी चालवायचे. बावीस वर्षं ते शेठकडे ड्रायव्हर होते, आणि ड्रायव्हरच्या जागेवर त्यांना चप्पल घालून बसलेलं कोणी पाहिलं नाही. दार उघडायचे, चपला काढायचे, सीटखाली घडी घालून ठेवलेल्या उर्दू पेपरवर जोडीने ठेवायचे, तळपाय रुमालाने पुसायचे आणि मग आत बसायचे. मी नवीन जालन्यात शेठच्या बंगल्यावर स्वयंपाकाला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी हे पाहिलं. मला वाटलं, हे गाडीला देव मानतात की काय. मी फारशी बोलणारी बाई नाही. पण चहाचा कप देताना माझ्या तोंडावर प्रश्न दिसला असेल. ते आपणहून म्हणाले, "ताई, गाडी पायाला बोलते. मधात चप्पल आली तर आवाज येत न्हाई."

मी हे खरं मानलं नव्हतं. मग एकदा बदनापूरच्या रस्त्यावर, शेठ आणि मोठ्या बाई मागे बसलेल्या असताना, त्यांनी गाडी एकदम कडेला घेतली. शेठ चिडले. युनूसभाई म्हणाले, "मागचं डावं चाक खोटं बोलून राह्यलं." उतरून पाहिलं तर चाकाचे दोन बोल्ट निघून गेलेले आणि बाकीचे हाताने फिरत होते. मोठ्या बाई म्हणजे शेठच्या आई. त्या घरी येऊन माझ्यासमोर बसल्या आणि दोनदा म्हणाल्या, "शोभा, आज आम्ही वाचलो गं." तेव्हापासून त्या युनूसभाईंच्या ताटात भाकरीवर तुपाची धार स्वतः सोडायच्या.

त्यांची दुसरी सवय पेट्रोलची. पंपावर गाडीत बसून राहायचे नाहीत. उतरून नळीशेजारी उभे राहायचे, आकडा शून्यावर आहे की नाही बघायचे, आणि पावती घेतल्याशिवाय हलायचे नाहीत. त्या पावत्या ते एका लोखंडी तारेत ओवायचे. पोर्चमधल्या खिळ्याला ती तार टांगलेली असायची. शेठ एकदा हसून म्हणाले, "युनूस, मी कधी विचारलंय का तुला?" ते म्हणाले, "विचारलं न्हाई म्हणून तर ठेवतो, शेठ. विचारल्यावर ठेवली तर ती पावती कशाची?"

सवय मलाही एक आहे, आणि ती इथेच सांगून टाकते. मी लहान असताना माझ्या थोरल्या भावाला शेतातल्या मोटारीच्या पेटीने घेतलं, शॉक लागून तो जागीच गेला. बटन चालू राहिलं होतं आणि त्याला ते माहीत नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला की पाठीमागे बटन चालू ठेवून उंबरठा ओलांडायचा नाही. शेठच्या बंगल्याच्या मागच्या बाजूला एक लाल दांड्याची मेन आहे. तिच्यावर धुण्याचं मशीन आणि पाण्याची मोटार. संध्याकाळी सातला काम संपलं की मी ती मेन खाली ओढायची आणि मगच घरी जायची. सकाळी सहाला आले की पहिलं काम ती वर करणं. मोठ्या बाईंना घड्याळ बघावं लागायचं नाही. त्या म्हणायच्या, "शोभानं मेन पाडली. सात वाजले." रविवारी मी दुपारीच जायची. तेव्हा मशीन चालू असायचं, म्हणून त्या दिवशी मेनला हात लावायची नाही. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं.

मग नवीन गाडी आली.

ती घेताना घरात महिनाभर भांडण झालं. शेठचा मुलगा पुण्याला असतो. त्याचं म्हणणं, घ्यायची तर पूर्ण इलेक्ट्रिक घ्या. शेठ जेवताना फोन ताटाजवळ उताणा ठेवायचे आणि त्याच्याशी वाद घालायचे. "अरे, रस्त्यात चार्ज संपला तर मी काय मोंढ्यातून बैल आणू का?" शेठच्या वडलांपासून एकाच जुन्या कंपनीची गाडी घरात. त्या कंपनीच्या शोरूमचा माणूस दोनदा येऊन गेला. गळ्यात टाय, हातात पाटीएवढा फोन. त्याने सांगितलं की त्यांची गाडी प्लग-इन हायब्रीड आहे. घरी प्लग लावायचा, चाळीस-पन्नास किलोमीटर बॅटरीवर जायचं, आणि बॅटरी संपली की इंजिन आपोआप सुरू. "सर, बदनापूरच्या गोदामाला जाणं-येणं चाळीस किलोमीटर. तुम्हाला पेट्रोलची आठवणसुद्धा येणार नाही. आणि घनसावंगीला प्लॉटवर गेलात तरी अडकायची भीती नाही."

शेठना हे फार आवडलं. निम्मी जुनी, निम्मी नवी. त्यांनी मोंढ्यातल्या सगळ्या व्यापाऱ्यांना सांगितलं, मी पेट्रोलचा खर्चा रुपयावरून चार आण्यावर आणून दाखवतो. समोरच्या बंगल्यातल्या सळई कारखानदारांनी नुकतीच पूर्ण इलेक्ट्रिक गाडी घेतली होती, नव्या कंपनीची. त्यांच्याशी तर पैजच लागल्यासारखं झालं.

युनूसभाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "हिला दोन पोटं हायेत."

समोरचा ड्रायव्हर बबन फाटकाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "चाचा, तुमची गाडी म्हणजे दोन सिमचा फोन. एकाला रेंज न्हाई, दुसऱ्यात बॅलन्स न्हाई."

"अन् तुझी?" युनूसभाई म्हणाले. "तुझी सासरी जायच्या आधीच माहेरला परत येती."

सगळे हसले. पुढे एकदा बबनची गाडी घनसावंगीहून येताना खरंच रस्त्यात बसली आणि दुसऱ्या गाडीला टोचन लावून ओढत आणावी लागली. शेठ तर त्या दिवशी पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले, ती येताना बघायला.

शोरूमच्या माणसाने पोर्चमध्ये प्लगची जागा करून दिली. वायरीच्या मधोमध वहीएवढा काळा डबा होता. त्याने युनूसभाईंना सांगितलं, "चाचा, आल्यावर लावायचा, सकाळी काढायचा. बाकी सगळं गाडी बघते." समोरच्या पडद्यावर सगळं इंग्रजीत होतं. युनूसभाईंना ते वाचता येत नव्हतं. ते म्हणायचे, "ड्रायव्हरनं रस्ता वाचावा. टीव्ही मालकानं बघावा."

पण मला आठवतं, ते खूश नव्हते. चहा पिताना एकदा म्हणाले, "ताई, ही गाडी पायाला बोलत न्हाई. कवा इंजिन चालू होतं, कवा बंद होतं, तिचं तिला म्हाईत." आणि मग हसून म्हणाले, "सोमवारी मात्र लई शहाणी असते. सोमवारी आवाज न्हाई, धूर न्हाई. मंगळवारपासून पुन्हा बिघडली." मी हसले. मोठ्या बाई हसल्या. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

आठ महिने झाले. पेट्रोल थोडं कमी लागत होतं, पण शेठनी सांगितलं होतं तसं अजिबात नाही. मोंढ्यात लोक विचारायला लागले. "काय शेठ, चार आण्यावर आला का खर्चा?" शेठ चिडायला लागले. शोरूममध्ये गाडी दोन दिवस ठेवून घेतली, आणि तिसऱ्या दिवशी युनूसभाई ती चालवत घेऊन आले आणि अनवाणीच उतरले, सोबत तो टायवाला माणूस. त्या दिवशी सकाळी पोर्चमध्ये शेठ होते, युनूसभाई होते, वॉचमन काशिनाथ होता, आणि बबन फाटकाशी होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत. माझ्यासमोर दूध तापत होतं.

"सर, पूर्ण तपासली. गाडीत काहीच फॉल्ट नाही," शोरूमचा माणूस म्हणाला. "रोजचं तुमचं रनिंग एका चार्जिंगमध्ये बसतं."

"मग पेट्रोल जातं कुठं?"

त्या माणसाने खांदे उडवले. आणि एकदा युनूसभाईंकडे पाहिलं. एवढंच.

शेठ वळले. "युनूस, प्लग लावतोस ना रोज?"

"लावतो शेठ. आल्याबरोबर. सकाळी डब्याला हात लावून बघतो. गरम असतो, बराबर."

"हो मालक, लावतात," काशिनाथ म्हणाला. त्याला वाटलं, आपण त्यांची बाजू घेतोय.

शेठ हळू म्हणाले, "म्हणजे चार्जिंग होतं. गाडी चांगली आहे. आणि पेट्रोल तरीही जातं. मग राहिलं कोण?"

मला वाटलं, माझ्या कानांना काहीतरी झालं आहे. बावीस वर्षं. ज्या माणसाने चाकाचं खोटं पायाने ओळखलं, त्याला हे विचारत होते. युनूसभाईंना तर आधी कळलंच नाही. ते हसल्यासारखं करून शेठकडे बघत राहिले. मग कळलं. ते गेले, खिळ्यावरची तार काढून आणली आणि शेठच्या समोर धरली. पावत्या वाऱ्याने फडफडत होत्या.

शेठ म्हणाले, "या पेट्रोल घेतल्याच्या आहेत. गाडीत गेल्याच्या कुठं आहेत?"

दूध उतू जाऊन गॅस विझला तरी मी तशीच उभी.

युनूसभाईंचा दोन महिन्यांचा पगार शेठकडेच होता. लेकीच्या बाळंतपणाला एकदम न्यायचा म्हणून त्यांनीच तो ठेवला होता. अठ्ठावीस हजार. शेठ म्हणाले, "ते मी कापून घेतले. पोलिसात देत नाही, हे बावीस वर्षांचं समज."

युनूसभाईंनी किल्ली बोनेटवर ठेवली. दार उघडून सीटखालच्या चपला काढल्या, पायांत घातल्या. उर्दू पेपर तिथेच राहिला. फाटकाशी जाऊन ते एकदा वळले आणि म्हणाले, "शेठ, मोठ्या बाईंना सलाम सांगा." मोठ्या बाई आत देवघरात होत्या. त्यांना दुपारी कळलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पण मुलाला काही बोलल्याही नाहीत. आम्हा सगळ्यांचं तसंच झालं होतं. कोणी विजेचा खांब पडताना बघावा तसं आम्ही नुसतं बघत राहिलो.

नंतर दुसरा ड्रायव्हर आला. पेट्रोल तेवढंच लागलं. शेठ म्हणाले, "सगळे सारखेच." दोन महिन्यांत त्यालाही काढलं. मग शेठ स्वतः गाडी चालवायला लागले. प्लग काशिनाथ लावायचा. स्वतः चालवायला लागल्यावर शेठनी पेट्रोलचा हिशोब बघणंच सोडून दिलं.

युनूसभाई मला दिसले ते सहा-सात महिन्यांनी. मी माहेराहून आले होते. स्टेशनसमोर बॅटरीवरच्या रिक्षा उभ्या असतात, त्यातल्या एकीत बसले. चेहरा नाही पाहिला. पाय पाहिले. अनवाणी, स्वच्छ पुसलेले. शेजारी पेपरवर जोडीने ठेवलेल्या चपला.

"युनूसभाई?"

ते वळले. दाढी पांढरी झाली होती. "अरे, शोभाताई! बसा, बसा. मोठ्या बाई कशा हायेत? गुडघा दुखतो का अजून?"

रिक्षा भाड्याची होती. चोर म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला जालन्यात कोणी गाडी देईना, हे त्यांनी असं सांगितलं जणू पावसापाण्याची गोष्ट आहे. मग रिक्षाच्या दांड्यावर थाप मारून म्हणाले, "ही चांगली हाय. हिला पोट एकच. रिकामं झालं की रस्त्यात बसते, चार लोकांत इज्जत घेते. पन ड्रायव्हरला चोर करत न्हाई. शेठची गाडी उपाशी असली तरी चालायची ना, म्हणून कुणाला कळलंच न्हाई."

"उपाशी?" मी विचारलं.

"हौ. हिला घरी लावायला लागलो तवा समजलं मला. रातभर लावली की सकाळी हिचा डबा थंडगार असतो. जेवण झालेलं असतं ना. शेठच्या गाडीचा डबा सकाळी आठला गरम लागायचा. मी येडा, गरम हाय म्हणजे बराबर हाय असं समजलो. ताई, रातभर जेवलेलं माणूस सकाळी आठला पानावर असतंय व्हय? ती तर सकाळीच कधीतरी जेवायला बसत होती. रातभर लाईनच येत नसंल तिला. फक्त सोमवारी पोट भरलेलं. असं कसं, त्याचा मला अजून पत्ता लागंना."

मला पत्ता लागला.

सोमवार. रविवारी मी दुपारी जाते. रोज संध्याकाळी सात, सकाळी सहा. माझ्या उजव्या हातात जणू मेनचा तो लाल दांडा होता, अगदी त्या क्षणीसुद्धा. शोरूमच्या लोकांनी पोर्चमधली प्लगची वायर मागून ओढली होती, धुण्याच्या जागेवरून. मी ती भिंतीवर पाहिली होती, खाली झाडून काढताना. ती कुठे जाते हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मी कोणाला विचारणारी नाही. "इथंच थांबवा," म्हणाले, आणि घर लांब असतानाच उतरले. त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी रस्त्याच्या कडेला किती वेळ उभी राहिले, आठवत नाही.

त्याच संध्याकाळी मी मेन पाडली नाही. फाटकापर्यंत जाऊन दोनदा परत आले, हात दांड्यापर्यंत नेला आणि मागे घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पोर्चमध्ये जाऊन काळ्या डब्याला हात लावला. थंडगार.

चार दिवस मला अन्न गेलं नाही. पाचव्या दिवशी स्टेशनवर गेले आणि युनूसभाईंना सगळं सांगितलं. सांगताना मी जमिनीकडे बघत होते. ते म्हणाले, "तुमची मेन. मोठ्या बाई घड्याळ लावायच्या तिच्यावर. अन् आपल्यातल्या एकाच्याबी डोक्यात आलं न्हाई."

"मी पैसे देते," मी म्हणाले. "महिन्याला हजार-हजार करून सगळे फेडते."

"तुम्ही कशाचे देता? बटन तुम्ही बंद केलं. चोर तर तुम्ही म्हणल्या न्हाई ना?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, तिथं काही बोलू नका. माझं गेलं ते गेलं. तुमचं कशाला? फक्त माझी पावत्यांची तार राह्यली तिथं. तेवढी आणून द्या. बावीस वर्षांत माझ्या हाती तेवढंच कागदावर हाय."

तार पोर्चमधल्या कपाटामागे पडली होती, धुळीत. दुसऱ्या दिवशी मी ती काढली, पदराने पुसली आणि पिशवीत घातली. घेऊन गेले असते तर कोणाला कळलं नसतं. नोकरी राहिली असती. पण हॉलमधून आवाज येत होते. तोच टायवाला माणूस आला होता आणि शेठना सांगत होता, "सर, आता आमच्या कंपनीचीही पूर्ण इलेक्ट्रिक येते आहे. पण तुमच्यासाठी हीच घ्या, नवीन मॉडेल, बॅटरी दुप्पट." मोठ्या बाई सोफ्यावर जपमाळ घेऊन बसल्या होत्या.

दहा वर्षांत मी त्या हॉलमध्ये चहाच्या ट्रेशिवाय कधी गेले नव्हते. त्या दिवशी तार घेऊन गेले. टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"मालक, युनूसभाईंनी पेट्रोल चोरलं नाही. गाडीची लाईन मी बंद करत होते. रोज. मागच्या मेनवरून."

शेठ आधी हसले. "काय बोलतेस शोभा?"

मी पुन्हा तेच सांगितलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. मग शोरूमचा माणूस म्हणाला, "सर, तुमचा मोबाइल द्या एक मिनिट. गाडी घेतली तेव्हा मी त्यात गाडीचं ॲप टाकून दिलं होतं. त्यात सगळं येतं."

त्याने काहीतरी उघडलं. बोटाने वर सरकवत गेला. त्याचा चेहरा बदलला. मग त्याने फोन शेठच्या हातात दिला. मी बाजूलाच होते. आकडे मला वाचता येतात. रोजच्या तारखेपुढे चार्जिंग कधी थांबलं, कधी पुन्हा सुरू झालं, त्याची वेळ होती. सात वाजून पाच. सात वाजून दहा. सात वाजून चार. सकाळी सहा वाजून दहा. सहा वाजून आठ. रविवारी रात्रभर सुरू. माझी घरी जायची वेळ, यायची वेळ, सव्वा वर्षाची, शेठच्या खिशात लिहून ठेवलेली होती. फक्त शेवटचे पाच-सहा दिवस सलग.

शेठनी फोन सोफ्यावर उलटा ठेवला, जणू तो भाजला.

मोठ्या बाईंची जपमाळ थांबली. त्या म्हणाल्या, "शोभानं मेन पाडली, सात वाजले. मी रोज म्हणत होते. रोज माझ्या तोंडानं म्हणत होते." मग मुलाकडे बघून म्हणाल्या, "ही गाडी घरात आठ महिने होती, तो बावीस वर्षं. तू खोटं कोणाला ठरवलंस?"

शेठ म्हणाले, "आई, गाडी चांगली आहे म्हणून मी सगळ्या मोंढ्यात सांगून बसलो होतो." त्यांनी ते असं सांगितलं की मला त्यांचाही राग धरता आला नाही. गाडी खरंच चांगली होती. लाईन रात्रभर राहायला लागल्यापासून ती महिनोन्‌महिने पंपावर गेलेली नाही.

काशिनाथला सगळं सांगून, फोनमधलंसुद्धा, स्टेशनवर पाठवलं. युनूसभाईंचा निरोप आला, "पैसे पाठवू नका. ज्यांच्यासमोर कापले त्यांच्यासमोर द्या."

म्हणून पुढच्या सकाळी पुन्हा सगळे पोर्चमध्ये. शेठ, काशिनाथ, टायवाला माणूस, फाटकाशी बबन. मोठ्या बाईंना खुर्ची टाकली होती. मी खिडकीत जायला निघाले तर त्या म्हणाल्या, "आत नाही. इथं उभी राहा." युनूसभाई रिक्षा घेऊन आले आणि ती सरळ आत, शेठच्या गाडीला लावून उभी केली. चपला पायांत घालून उतरले. मोठ्या बाईंना सलाम केला. मग जाऊन शेठच्या गाडीच्या बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "बिचारी गुणाची हाय. हिला कुणी जेवू घातलंच न्हाई."

शेठ म्हणाले, "युनूस, माझी चूक झाली. मी मशीनवर विश्वास ठेवला आणि माणसावर नाही."

"मशीनवर कुठं ठेवला, शेठ? मशीन तर तुमच्या खिशातनं रोज सांगत होती. तुम्ही तिच्याकडंबी बघितलं न्हाई."

बबनने मान खाली घातली. शेठनी कामावर परत ये म्हटलं. युनूसभाई म्हणाले, "नक्को शेठ. आता पायाला एका पोटाची सवय झाली." मागच्या महिन्यात ते लेकीकडे नांदेडला राहायला गेले. जाताना रिक्षातून हात केला, तेवढाच. म्हणून तर हे लिहायला बसले.

पण त्या सकाळचं राहिलं आहे. शेठनी पाकीट पुढे केलं. युनूसभाईंनी ते घेतलं नाही. म्हणाले, "ताईंच्या हातात द्या. मोजा ताई. मोठ्यानं."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. एवढ्या माणसांत माझा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता. पाकिटात पाचशेच्या नोटा होत्या. मी एक म्हटलं, ते मलाच ऐकू आलं नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "शोभा, मोठ्यानं." मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. एक. दोन. तीन. एकेक नोट मी युनूसभाईंच्या हातावर ठेवत गेले. विसापर्यंत आवाज फुटत होता, तिसानंतर सरळ झाला. पन्नासला बबनही माझ्याबरोबर ओठ हलवत होता. छप्पन्न म्हणाले तेव्हा पाकिटात अजून चार नोटा होत्या. शेठ म्हणाले, "राहू दे, माझ्याकडून."

युनूसभाईंनी मान हलवली. मी त्या चार नोटा पाकिटात परत घातल्या आणि पाकीट शेठच्या हातात दिलं. पिशवीतून तार काढून युनूसभाईंना दिली. त्यांनी ती रिक्षाच्या दांड्याला अडकवली, नोटा खिशात ठेवल्या आणि म्हणाले, "अठ्ठावीस हजार. मिळाले. बराबर."